घरच्या घरी तव्यावरचा भाजी-पिझ्झा

पिझ्झा म्हटले की पोरांचा हट्ट ठरलेला. शिरूर असो की दौंड, बाजाराला गेले की मागणी होतेच. विकतचा पदार्थ घरातल्या पाच-सहा माणसांना पुरवायचा म्हणजे खिशाला चाट, आणि त्यात काय काय घातलंय ते आपल्याला कळत नाही ते वेगळेच. खरे पाहता गहू, टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची, मका आणि गोठ्यातले दूध हे सगळे आपल्याच शिवारातले. टोमॅटोचा भाव पडला की तोच माल बांधावर टाकायची पाळी येते. मग आपलाच जिन्नस दामदुप्पट देऊन परत का घ्यावा?

पिझ्झा मूळचा इटलीतल्या नेपल्स शहरातला. आपण भाकरीवर ठेचा घेऊन बांधावर बसतो, तसेच तिथल्या कष्टकरी माणसांचे हे स्वस्त खाणे. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेची २०१७ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. टोमॅटो मात्र मूळचा इटलीचा नव्हे. तो आणि आपली मिरची, दोन्ही अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेली.

पीठ फुगते कसे?

बेकरीवाले पिठात यीस्ट घालतात. हे सूक्ष्म जीव साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू व थोडे अल्कोहोल सोडतात. वायूमुळे पीठ फुगते, अल्कोहोल भाजताना उडून जाते. मळीपासून अल्कोहोल काढताना आसवनीत हेच यीस्ट कामाला लावतात. तिथे अल्कोहोल ठेवायचे, बेकरीत वायू. शिवाय बेकरीचे यीस्ट कारखान्यात वाढवतात तेही बहुधा उसाच्या वा बिटाच्या मळीवरच. म्हणजे पावाशीही आपल्या उसाचे नाते आहे!

पण यीस्टला तास-दीड तास लागतो. घाईच्या वेळी दही आणि खायचा सोडा वापरावा. दह्यातल्या आंबटपणाशी सोड्याचा संयोग झाला की तोच वायू लगेच निघतो. म्हणून भाज्या आधी चिरून ठेवाव्यात, पीठ मागाहून भिजवावे. सोडा जास्त झाला तर चव खारट-कडवट लागते, हात आवरता घ्यावा.

साहित्य (४ पिझ्झ्यांसाठी)

कणीक २ वाट्या (हवे तर निम्मा मैदा), आंबट दही पाऊण वाटी, खायचा सोडा अर्धा लहान चमचा, साखर १ लहान चमचा, तेल २ चमचे, मीठ चवीपुरते. टोमॅटो ५-६, लसूण ६-७ पाकळ्या, लाल तिखट, चिमूटभर ओवा. कांदा, ढोबळी मिरची, कोबी, मक्याचे कोवळे दाणे. वरून किसलेले चीज.

कृती

१. टोमॅटो किसून घ्यावेत. तेलात ठेचलेला लसूण व ओवा परतून त्यात टोमॅटो, तिखट, मीठ, चिमूटभर साखर घालून घट्ट होईपर्यंत आटवावे. पाणी राहिले तर पोळी चिंब होते. विकतच्या पिझ्झ्यावर ओरेगॅनो नावाचा पाला असतो. त्याचा वास बराचसा ओव्याच्या जवळचा, म्हणून ओव्याने काम भागते.

२. मक्याचे दाणे वाफवून घ्यावेत. बाकीच्या भाज्या पातळ चिरून सगळ्या मिळून मोठ्या आचेवर दोन मिनिटे परताव्यात. तव्यावर वरून धग लागत नाही, त्यामुळे कच्च्या भाज्या कच्च्याच राहतात.

३. पीठ मऊ भिजवून पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. भाकरीएवढ्या जाडीच्या पोळ्या लाटाव्यात.

४. मंद आचेवर एक बाजू भाजून उलटावी. भाजलेल्या बाजूवर टोमॅटो, भाजी आणि चीज पसरून ताट झाकावे. पाच-सात मिनिटांत चीज वितळते आणि खालची बाजू खरपूस होते.

चीज घेताना

इथे डोळ्यांत तेल घालून पाहा. दुधाऐवजी वनस्पती तेलापासून केलेला, चीजसारखा दिसणारा स्वस्त पदार्थ बाजारात मिळतो. पाकिटावर ‘अ‍ॅनालॉग’ असा शब्द असेल तर ते खरे चीज नव्हे. घरोघरी दूध घालणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी पाकीट वाचूनच घ्यावे. खऱ्या चीजला गिऱ्हाईक राहिले तरच दुधाला मागणी राहते.

चीज नसेल तर घरच्या दुधाचे पनीर किसून घालावे. एक लिटर म्हशीच्या दुधाचे साधारण दोनशे ग्रॅम पनीर निघते. ते वितळून तार धरणार नाही, कारण लिंबाच्या आंबटपणाने दुधातले कॅल्शियम बरेचसे निवळीबरोबर निघून जाते आणि चीजची तार त्याच्यावरच अवलंबून असते. पण पोटाला ते तितकेच चांगले. निवळी फेकू नये, कणीक भिजवायला वापरावी.

सुगीच्या दिवसांत एवढाही वेळ नसतो. तेव्हा सकाळची चपाती किंवा भाकरी घेऊन तिच्यावरच हे सगळे पसरावे. टोमॅटो स्वस्त असतील तेव्हा चटणी जास्तीची आटवून फ्रिजमध्ये ठेवली, तर तीन-चार दिवस चालते आणि ऐनवेळचा पिझ्झा दहा मिनिटांत ताटात येतो.