समोर माणूस बसवा आणि चित्र काढा

गावोगावच्या चौकांत डॉ. बाबासाहेबांचे पुतळे उभे आहेत. विहारात, फलकांवर, घराच्या भिंतीवर त्यांची चित्रे आहेत. ती श्रद्धेने केलेली असतात, यात शंका नाही. पण हार घालून झाल्यावर कधी दोन मिनिटे थांबून नीट पाहावे. कुठे डोके खांद्यांच्या मानाने मोठे झालेले असते. कुठे उंचावलेला हात खांद्यातून निघालेला वाटत नाही, कोटाला मागाहून जोडल्यासारखा दिसतो. कुठे दोन्ही पाय जमिनीवर असूनही अंगाचा भार त्यांच्यावर पडलेला नसतो. आता २ एप्रिल १९६७ रोजी संसदेच्या आवारात अनावरण झालेला, शिल्पकार बी. व्ही. वाघ यांनी घडविलेला पुतळा पाहा. छायाचित्रात पाहिला तरी चालेल. त्या कोटाच्या आत शरीर आहे हे लगेच कळते.

हा फरक श्रद्धेचा नाही, सरावाचा आहे. कपड्याआडचा माणूस दाखवायचा तर आधी माणसे पाहून काढलेली असावी लागतात. आपल्याकडचे बहुतेक पेंटर फोटोवर चौकटी आखतात आणि तेवढ्याच चौकटी भिंतीवर मोठ्या करून चित्र उतरवतात. हात त्यांचा कसबी असतो. पण जिवंत माणूस समोर बसवून तासन् तास पाहण्याची संधी त्यांना कोणी दिलेलीच नसते. कलाशाळेत या अभ्यासाला लाइफ ड्रॉइंग म्हणतात. श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावात, जिथे चित्रकलेच्या तासाला गणिताचे सर येऊन बसतात, तिथे हा अभ्यास कसा सुरू करावा, एवढ्यासाठी हा लेख.

आम्ही चित्रकार नाही. बी.कॉम. होऊन कारकुनी करणारी माणसे आहोत. मात्र रविवारी सकाळी समाजमंदिरात आठ-दहा मुलामुलींचा वर्ग भरतो, त्याची सतरंजी अंथरण्याचे आणि हिशेब ठेवण्याचे काम आमच्याकडे आहे. शिकवायला एक कलाशिक्षक येतात. त्यांच्या मागे बसून जे कानांवर पडले आणि डोळ्यांनी पाहिले, ते सांगतो.

मुले वर्गाला येतात ती बहुधा परीक्षेच्या निमित्ताने. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा आपल्या वाचकांच्या घरी ठाऊक असतीलच. त्यांत स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, बसस्थानक, पाणवठा असा विषय मिळतो आणि तिथे माणसे काढावी लागतात. हुशार मुलांची गाडी इथेच अडते. झाड झकास, एस.टी. झकास, आणि माणसे मात्र काड्यापेटीतल्या काड्यांसारखी. पुढे बारावीनंतर कला पदवीसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते, तिच्यातही स्मरणचित्र आहेच. आठवणीतून माणूस काढायचा तर तो आधी आठवणीत जायला हवा, आणि पाहिल्याशिवाय तो तिथे जात नाही.

मुंबईचे जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. तिथे सुरुवातीला भर असे तो ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवर. मुंबईच्या रस्त्यावर हमाल, कोळणी, भिस्ती चालत होते आणि वर्गात ग्रीक देव! पण याच संस्थेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले आणि बरीच वर्षे तिथल्या भिंतीचित्रांच्या प्रती करवून घेतल्या. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या बौद्ध लेण्यांतील चित्रकारांना माणूस किती ठाऊक होता, हे पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वावरून कळते. कंबर एका बाजूला, खांदे दुसऱ्या बाजूला, मान पुन्हा कललेली. ही ऐट चित्रकाराने मनाने रचलेली नाही. एका पायावर भार टाकून उभे राहिले की कुणाचेही शरीर असेच वळते. एस.टी.ची वाट पाहत उभी असलेली आपली मावशी पाहा, तिचेही तसेच असते.

जे.जे.मध्ये विवस्त्र मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग सुरू झाला तो ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख असताना, १९१९-२० च्या सुमारास. या विषयावर कुटुंबाच्या पानात लिहावे की नाही असा विचार काही वाचक करतील. आमच्या मते लिहिलेच पाहिजे, कारण न बोलल्यामुळेच गैरसमज होतात. कलाशाळेत तो शरीररचनेचा अभ्यास असतो. वैद्यकीय महाविद्यालयातील अभ्यासाकडे आपण जसे पाहतो तसेच त्याच्याकडे पाहावे. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा चित्रपट २०१८ मध्ये आला, तो अशाच एका कष्टकरी बाईवर आहे. ती मुलाच्या शिक्षणासाठी कलाशाळेत मॉडेल म्हणून बसते आणि ते काम जगापासून लपवते. २०१७ साली गोव्याच्या चित्रपट महोत्सवातून तो वगळला गेला होता. तिला ते लपवावे का लागते, हा प्रश्न चित्रे काढणाऱ्यांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे. असो. नवशिक्यांना विवस्त्र मॉडेलची काही गरज नाही. अंगभर लुगडे नेसलेली आजी किंवा सदरा-धोतरातले आजोबा पहिल्या दोन-तीन वर्षांना पुरून उरतात.

मुलींबद्दल मात्र वेगळे बोलावे लागते. वर्गात येणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी आम्हांला रस्त्यात गाठले. म्हणाले, “परक्या माणसाकडं पोरीनं टक लावून बघत बसायचं, ह्ये कसलं शिक्षण ओ?” हा प्रश्न श्रीपूरचाच आहे असे कुणी समजू नये. लंडनच्या रॉयल अकादमीच्या १७६८ च्या संस्थापकांत अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्री चित्रकार होत्या. पुढे झोफनी नावाच्या चित्रकाराने सभासद लाइफ क्लासमध्ये जमल्याचे चित्र काढले. पुरुष मंडळी मॉडेलभोवती बसलेली, आणि या दोघी? भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत! त्या वर्गात बाईने पाऊल ठेवायचे नव्हते. तिथल्या विद्यार्थिनींना मॉडेल समोर बसवून काढायची परवानगी मिळाली ती १८९३ मध्ये, तीही मॉडेलने अंग काही प्रमाणात झाकले असेल तरच. दाराबाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. मग आपल्याच मुलींना आपणच दाराबाहेर का ठेवावे? आपल्याकडे चित्रकार धुरंधरांची कन्या अंबिका धुरंधर जे.जे.मध्ये शिकल्या आणि चित्रकार म्हणून नावारूपाला आल्या.

मंडळातील दोन भगिनींना घेऊन आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. वाद घातला नाही. “तुम्ही येऊन बसा आणि बघा,” एवढेच म्हणालो. ते आले, दोन रविवार मागे भिंतीला टेकून बसले. तिसऱ्या रविवारी बसायला ठरलेला माणूस आला नाही, तेव्हा तेच पुढे येऊन मांडी घालून बसले. मुलीने वडिलांचे चित्र काढले. कला महाविद्यालयाचे विचारले तर अजून “बघू म्होरं” म्हणतात. ते खरे कठीण काम आहे आणि ते झालेले नाही.

आता प्रत्यक्ष कामाचे. महागडा कागद आणू नये. महाग कागदावर हात भितो. आमच्याकडे कचेरीतले पाठकोरे कागद जमवतात. मोठ्या चित्रासाठी वर्तमानपत्राचा कोरा कागद किंवा साधा कार्ट्रिज. खोक्याचा पुठ्ठा हाच बोर्ड, त्याला दोन चिमटे. पेन्सिल ४बी किंवा ६बी. कोळसा घरीही होतो. बोटाएवढ्या सुक्या काटक्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भराव्यात, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडावे आणि डबा चुलीतल्या निखाऱ्यात ठेवावा. भोकातून धूर यायचा थांबला की डबा बाहेर काढावा, पण पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नये. काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे. आणि खोडरबर? आमचे कलाशिक्षक तो दाराशीच गोळा करतात. चुकलेली रेघ तशीच राहू द्यायची आणि शेजारी बरोबर रेघ ओढायची, म्हणजे किती चुकले तेही दिसते.

सुरुवात एक-एक मिनिटाच्या चित्रांनी करावी. मिनिटात नाक-डोळे होत नाहीत, म्हणून मूल आपोआप मुख्य गोष्ट पाहते: पाठीचा कणा कुठे वाकला, भार कुठल्या पायावर, डोके कुठे कलले. अशी दहा झाली की पाच मिनिटांची दोन आणि मग वीस मिनिटांचे एक. लिहिताना हात मनगटातून फिरतो. इथे भिंतीला चुना देताना फिरतो तसा खांद्यापासून फिरवावा.

मापासाठी पेन्सिल पुढे धरून हात कोपरात ताठ ठेवावा आणि एक डोळा मिटावा. पेन्सिलीचे टोक समोरच्याच्या माथ्यावर आणि अंगठ्याचे नख हनुवटीवर आणावे. हे झाले एक डोके. उभा प्रौढ माणूस अशी साडेसात डोकी भरतो, वर्षाचे बाळ चारच्या आसपास, आणि मांडी घालून बसलेला मोठा माणूसही जमिनीपासून साधारण चार. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. नवखी मुले ते फार वर नेतात आणि कपाळच नाहीसे होते. पंजा जवळपास हनुवटीपासून केसांपर्यंतच्या चेहऱ्याएवढा असतो. मुले तो हमखास लहान काढतात. ही मापे पाठ करण्यासाठी नाहीत, समोरचा माणूस त्यांहून किती वेगळा आहे ते ओळखण्यासाठी आहेत.

दुसरे हत्यार म्हणजे गवंड्याचा ओळंबा. ज्यांच्या घरी गवंडीकाम आहे त्या मुलांना हे पटकन समजते. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर गळ्याच्या खळग्यातून सोडलेला ओळंबा त्याच पायाच्या घोट्यापाशी येतो. त्या बाजूची कंबर वर गेलेली आणि खांदा खाली आलेला असतो. चित्रातला माणूस पडतोय असे वाटले की आधी ओळंबा पाहावा. कमरेवर हात ठेवलेल्या बाईचा हात जमत नसेल तर हात आणि कंबर यांच्यामधल्या मोकळ्या त्रिकोणाचे चित्र काढावे. हात आपोआप जागेवर येतो.

ऊसतोडीच्या हंगामात श्रीपूरभोवती कोप्या पडतात. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई पाहिली की आमच्या मुलांना बोर्ड घेऊन धावावेसे वाटते. तिथे आमचा एक नियम आहे. दमलेल्या माणसाला न विचारता त्याचे चित्र काढायचे नाही. विचारावे, खाली बसावे, काढलेले चित्र त्याला दाखवावे, तो मागेल तर देऊन टाकावे. नाही म्हणाला तर रामराम करून उठावे.

वर्गात बसणाऱ्याला तर मजुरी दिलीच पाहिजे. “नुसतं बसायचं त्याचं काय पैसं?” असे म्हणणाऱ्याने वीस मिनिटे मान न हलवता बसून दाखवावे. मुंग्या येतात, मान भरते, नाकावर माशी बसते. काम दोन तासांचे असले तरी आम्ही शेतावरचा चालू रोज धरून अर्ध्या दिवसाचे पैसे देतो, वर चहा. दर वीस मिनिटांनी विश्रांती, बसण्याच्या जागेवर खडूची खूण, वर्गात मोबाइलवर फोटो काढायला पूर्ण बंदी, आणि माणूस अठरा वर्षांवरचाच. घरातले असेल तर गोष्ट वेगळी. पावती पुस्तकात नाव, तास, रक्कम आणि सही किंवा अंगठा घेतो. पहिल्यांदा पावती फाडताना ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात काय लिहावे असा प्रश्न पडला. कुणी सुचवले ‘मानधन’, कुणी ‘मदत’. शेवटी ‘चित्रवर्गासाठी बैठक, मजुरी’ असे लिहिले.

ज्या मावशींची ती पावती होती, त्यांनी जन्मभर ऊस खुरपला आहे. काम संपल्यावर त्यांनी सतरंजीवर पसरलेली सगळी चित्रे एक-एक करून पाहिली. चेहऱ्यांना हसल्या. मग म्हणाल्या, “समदं हाय, पर माझं पाय कुठं गेलं?” खरेच होते. पाय अवघड म्हणून कुणी लुगड्याच्या काठाखाली झाकले होते, कुणाचा कागद गुडघ्यालाच संपला होता. पुढच्या रविवारी कलाशिक्षकांनी त्यांनाच पुन्हा बोलावले, खुर्चीखाली पाट ठेवून त्यावर त्यांचे पाय ठेवले आणि दोन तास सगळ्यांकडून फक्त पाय काढून घेतले, भेगांसकट.