तूर्ने द्यू शा न्वार

तूर्ने द्यू शा न्वार हे स्विस-फ्रेंच चित्रकार तेओफिल स्टाइनलेन (१८५९–१९२३) यांनी १८९६ मध्ये साकारलेले रंगीत शिलामुद्रित भित्तिपत्रक आहे. पॅरिसच्या मोंमार्त्र भागातील 'शा न्वार' (अर्थ: काळे मांजर) या कॅबरेच्या दौऱ्याची जाहिरात करण्यासाठी ते छापण्यात आले. काळा बोका आणि त्याच्या डोक्यामागील लाल वलय ही या चित्राची ओळख होय.

इतिहास

रोदोल्फ सालिस यांनी हा कॅबरे १८८१ मध्ये सुरू केला. त्याच वर्षीच्या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यामुळे फ्रान्समध्ये भित्तिपत्रके लावणे सुलभ झाले. शिलामुद्रणात सामान्यतः प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा वापरली जाई. भिंतीवरील पत्रके ऊन-पावसाने खराब होत किंवा नव्या पत्रकांखाली झाकली जात. १८९७ मध्ये सालिस यांचे निधन झाले व कॅबरेही बंद पडला. जाहिरातीचे चित्र मात्र टिकून राहिले.

आधुनिक वापर

प्रताधिकाराची मुदत संपल्याने हे चित्र आता सुती ॲप्रन, पिशव्या व कपांवर छापले जाते. ठळक बाह्यरेषा आणि सपाट रंग यांमुळे ते जाड कापडावरही स्पष्ट उमटते. अशा वस्तूंवर अनेकदा चित्रकाराचे नाव नसते. त्यामुळे बोका परिचित असला तरी स्टाइनलेन अपरिचित राहतात.