कागदावरचा पत्ता आणि ढगातले घर

१ मे १९८१ रोजी आपला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला, तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. मुंबईच्या गिरण्यांत असलेल्या चाकरमान्यांची पत्रे त्यानंतरही कित्येक वर्षे 'तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी' याच पत्त्याने येत असत, आणि ती बिनचूक पोहोचत. पोस्टमन वाडीवाडीतून हिंडलेला. कोणाचे घर कोठे, कोण मुंबईस गेला, कोणती म्हातारी लेकीकडे राहावयास गेली, हे सारे त्याला तोंडपाठ. 'तो आता हंय रवणा नाय' असे म्हणून तो पत्र परत पाठवीत नसे. पुढच्या दारी नेऊन देई. आज ज्या विषयावर आम्हांस लिहावयाचे आहे त्यात असा पोस्टमन आपोआप मिळत नाही. तो मुद्दाम नेमावा लागतो, आणि नेमावयाचा म्हणजे त्याला पगार द्यावा लागतो. सारे भांडण येथेच आहे.

विषय आहे संगणकावरील माहितीपुस्तकांतील दुव्यांचा, आणि त्यातही ज्याला 'क्लाउड' म्हणतात त्या व्यवसायाच्या माहितीपुस्तकांचा. मराठीत दुवा या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक जोडणारी कडी, दुसरा आशीर्वाद. तुटलेल्या दुव्यापायी माणसे जे काही देतात त्याला आमच्या मालवणीत निराळे नाव आहे; ते येथे छापण्याजोगे नाही.

क्लाउड म्हणजे ढग. पण या ढगात पाणी नाही आणि तो आकाशातही नाही. आपले हिशेब, आपले फोटो, बँकेची खाती ही दुसऱ्याच्या यंत्रांवर भाड्याने ठेवावयाची, याचे नाव क्लाउड. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली आणि ॲमेझॉनने २०१६ साली अशी यंत्रागारे आपल्या महाराष्ट्रात सुरू केली. तेव्हा हा ढग आपल्याच राज्यात जमिनीवर उभा आहे. आपल्या जिल्ह्यातली किती तरी मुले-मुली पुण्यास हिंजवडीला आणि मुंबईस त्याची राखण करतात, पुष्कळदा रात्रपाळीने. यंत्र बिघडले म्हणजे पहाटे तीन वाजता फोन वाजतो. उठावयाचे, लेखी सूचना उघडावयाची आणि तीत सांगितल्याबरहुकूम करावयाचे. त्या सूचनेत 'पुढील कृती येथे पाहा' असे लिहिलेले असते. 'येथे' या शब्दावर बोट ठेवले आणि पान सापडत नाही असे उत्तर आले, तर त्या पोराने करावयाचे काय? सकाळी चौकशी होते तेव्हा दुव्याची चौकशी होत नाही, पोराची होते.

आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवितो असे कोणी म्हणू नये. पाच वर्षांमागे आमच्या संघटनेने कामगारांसाठी एक लहानशी पुस्तिका छापली. परिपत्रके आणि अर्जांचे नमुने कोठे मिळतील, त्यांचे अकरा पत्ते आम्ही मोठ्या हौसेने तीत दिले. पुढे दोन वर्षांनी काजूच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एक काकी ती पुस्तिका घेऊन आल्या. अकरांपैकी सात पत्ते उघडेनात. त्याचे आम्हांस तितकेसे वाईट वाटले नाही. मेलेला दुवा निदान मेलेला दिसतो. उरलेल्या चारांपैकी एक मात्र सुरळीत उघडला. तेथे नमुना होता, तो आम्ही भरून दिला. तो नमुना रद्द झालेला होता. काकींचे हक्काचे पैसे आठ महिने उशिरा आले, आणि तेवढा काळ त्यांनी औषधाचे पैसे उसने काढले. ही चूक आमची होती. पुस्तिका छापली आणि आमचे काम संपले, असे आम्ही मानले होते.

दुवे तुटतात का? याचे कारण त्यांच्या जन्मातच आहे. १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची योजना मांडली. तीत दुवा एकतर्फी असतो. माझ्या पानावरून तुमच्या पानाकडे मी बोट दाखवू शकतो, त्यास तुमची परवानगी लागत नाही आणि तुम्हांला त्याची वार्ताही नसते. त्यांच्या आधी टेड नेल्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी दोन्ही बाजूंनी बांधलेल्या दुव्यांची कल्पना केली होती. ती अशी जगभर पसरली नाही. बर्नर्स-ली यांची साधी युक्ती पसरली, कारण कोणाला विचारावे लागत नव्हते. पण विचारावयाचे नाही, म्हणून सांगावयाचेही नाही. घर हलविणाऱ्याला आपला पत्ता कोणाच्या खिशात आहे हे ठाऊकच नसते. पुढे १९९८ साली बर्नर्स-ली यांनीच एक टिपण लिहून बजावले, की चांगले पत्ते बदलत नसतात. बदलतात ते माणसे बदलतात म्हणून. जगाने ते वाचले आणि बदल चालू ठेवले. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली केलेल्या मोजणीत, २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी नाहीशी झालेली आढळली.

क्लाउडच्या व्यवसायात हा वेग अधिकच. तेथे 'कुबर्नेटीस' नावाची एक आज्ञावली आहे. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपल्याकडचा तांडेल म्हणा; तिच्या चिन्हातही गलबताचे सुकाणूचक्रच आहे. २०१४ साली गूगलने ती सर्वांस खुली केली आणि आज जगभरची यंत्रागारे तिच्यावर चालतात. ही आज्ञावली मिळण्याचा जुना पत्ता २०२३ च्या सप्टेंबरात गोठविण्यात आला, नवा पत्ता जाहीर झाला, आणि २०२४ च्या आरंभीच्या महिन्यांत जुने कोठार बंद झाले. सूचना रीतसर दिली होती, यात शंका नाही. पण जुना पत्ता किती पुस्तकांत, किती कंपन्यांच्या आतल्या टिपणांत उतरवून घेतलेला होता, याची गणती कोण ठेवणार? त्याआधी २०२१ च्या ऑगस्टात, तिच्या १.२२ या आवृत्तीत, काही जुन्या आज्ञा काढूनच टाकल्या. जुन्या आवृत्तीच्या पानाकडे नेणारा दुवा उघडत होता, पान नीटनेटके दिसत होते. तेथली आज्ञा मात्र नवे यंत्र स्वीकारीत नव्हते. आमच्या काकींच्या नमुन्याचीच ही कथा.

राखण कशी करतात तेही सांगितले पाहिजे. पान हलविले, की जुन्या जागी 'कायमचे हलविले आहे, आता अमुक ठिकाणी जा' अशी पाटी ठेवता येते. यंत्रांच्या भाषेत तिचा क्रमांक ३०१. पान सापडत नाही याचा क्रमांक ४०४, तो पुष्कळांनी पाहिला असेल. मायक्रोसॉफ्टने २०२२ साली आपली माहितीपुस्तके नव्या नावाखाली हलविली तेव्हा जुन्या पत्त्यांवर अशाच पाट्या लावल्या, हे चांगले केले. कुबर्नेटीसच्या पुस्तकात अशा पाट्यांची एक स्वतंत्र वहीच ठेवलेली आहे. त्या पुस्तकाचा हिंदी अनुवादही होतो. अनुवादात मथळा बदलला म्हणजे मथळ्याच्या शब्दांवरून बनलेला आतला पत्ताही बदलतो आणि दुवा पानाच्या माथ्यावरच अडकून राहतो. म्हणून मथळ्याला मूळ इंग्रजी खूण जोडून ठेवावी लागते. याखेरीज दुवे तपासणाऱ्या आज्ञावल्या आहेत. त्या हजारो पत्ते घटकेत ठोठावून पाहतात. पण दार उघडले एवढेच त्यांना कळते. आत कोण बसले आहे ते कळत नाही. ते वाचणाऱ्या माणसालाच कळते. आणि नेमक्या ह्या माणसाचे काम कोणाच्याच पगारपत्रकात धड मांडलेले नसते. नवे पान लिहिणाऱ्याची वाहवा होते. जुने पान राखणारा पूल रंगविणाऱ्या मजुरासारखा; दिसतच नाही.

या बाबतीत आपल्या सरकारी दप्तरात एक शहाणपण आहे, आणि सरकारची स्तुती करण्याची संधी आम्हांस क्वचितच मिळते म्हणून ती सोडीत नाही. महाराष्ट्र शासनाचा कोणताही निर्णय घ्या. आरंभी 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते, क्रमांक आणि दिनांकासह. अखेरीस एक लांबलचक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. उद्या संकेतस्थळ बदलले, तरी हा आकडा कागदाबरोबर राहतो आणि त्यावरून कागद पुन्हा हुडकता येतो. राहण्याची जागा निराळी आणि नाव निराळे, हा फरक बड्या कंपन्यांच्या पुस्तकांतही सर्वत्र पाळला जात नाही.

तरीही संकेतांकाने सर्व भागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अमलात आल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. आमच्या पुस्तिकेतील जे पत्ते अद्याप उघडतात त्यांतले काही ह्याच जुन्या कायद्यांच्या पानांवर नेतात. दुवा जिवंत, कायदा गेलेला.

म्हणून नवी आवृत्ती काढताना आम्ही प्रत्येक नोंदीत पत्त्याबरोबर कागदाचा क्रमांक, दिनांक, विषय आणि आम्ही तो शेवटचा कधी पाहिला ती तारीख, अशा गोष्टी घातल्या. महिन्यातून एकदा सारे पत्ते उघडून वाचण्याचे काम कार्यालयातील एका मुलीकडे दिले. या कामाचा मोबदला द्यावा की नाही यावर कार्यकारिणीत दोन तास वाद झाला. उभा जन्म दुसऱ्यांच्या पगारासाठी भांडलेली मंडळी, 'एवढ्याशा कामाला पैसे कशाला?' असे विचारीत होती! अखेर ठराव मंजूर झाला. गेल्या महिन्यात चौतीस पत्त्यांपैकी तीन मेलेले निघाले. चौथा उघडला, पण आत भलतेच परिपत्रक होते. ते त्या मुलीने तिसऱ्या ओळीपर्यंत वाचले तेव्हा लक्षात आले.