वीज गेली तरी स्मरण राहावे

पोलादपूर तालुक्यातील कुडपणसारखे सह्याद्रीच्या कुशीतील गाव आणि इलेक्ट्रॉनाचे परिवलन यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांस पडेल. हा संबंध स्मरणाचा आहे. २२ जुलै २०२१ रोजी शेजारच्या महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळली. अशा डोंगरउतारांवर पाऊस आणि जमिनीची हालचाल सतत टिपणारी यंत्रे हवीत, आणि ती थोड्या विजेवर महिनोन्महिने चालली पाहिजेत. संगणकाची नेहमीची कार्यस्मृती मात्र वीज जाताच पुसली जाते.

चुंबकीय स्मृतीचे तसे नाही. तिच्या प्रत्येक सूक्ष्म घटकात चुंबकीय धातूचे दोन थर असतात व त्यांच्यामध्ये सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा विद्युत्‌रोधक पडदा असतो. दोन्ही थरांची चुंबकीय दिशा एक असली तर प्रवाहाला विरोध कमी होतो, उलट असली तर अधिक. शून्य आणि एक हे अंक असे वाचता येतात. पूर्वी दिशा पालटण्यासाठी जवळच्या तारेतील प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र वापरीत. पण घटक लहान होत गेले, तसतसे अधिक प्रबळ क्षेत्र लागू लागले आणि शेजारचे घटकही बिघडण्याचा धोका वाढला.

१९९६ साली जॉन स्लोन्झेव्स्की आणि ल्यूक बर्जर यांनी निराळा मार्ग दाखविला. इलेक्ट्रॉनाला विद्युत्‌भाराप्रमाणे परिवलनही असते. स्थिर थरातून जाताना बहुसंख्य इलेक्ट्रॉनांची परिवलने एका दिशेला वळतात. पुढच्या पातळ थरात ते आपला कोनीय संवेग सोडतात आणि त्या थराचे चुंबकत्व काही नॅनोसेकंदांत पालटते. प्रवाह उलटा केला की ते पूर्ववत होते. घटक जितका लहान, तितका प्रवाह कमी पुरतो.

या संशोधनात मराठी नावही आहे. पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झालेले अश्विन तुळापूरकर यांनी जपानमधील सहकाऱ्यांसह केलेले काम २००५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. अशाच सूक्ष्म घटकात उच्च वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडल्यास एकदिश विद्युत्‌दाब मिळतो, हे त्यांनी दाखविले.

अशा स्मृती आज बाजारात आहेत, पण महाग आहेत. केवळ स्मृतीने दरड थांबणार नाही, हेही खरे. तथापि शासनाने आणि विद्यापीठांनी या विद्येचा उपयोग प्रथम डोंगरउतारांवरील यंत्रांत करून पाहावा. जेथे वीज आधी जाते, तेथेच न विसरणाऱ्या यंत्राची गरज सर्वाधिक असते.