रेडिएटरची तापनियंत्रक झडप
गरम पाण्याच्या रेडिएटरमधील प्रवाह खोलीतील हवेच्या तापमानानुसार आपोआप कमीजास्त करणारी झडप. डेन्मार्क, जर्मनी, ब्रिटन इ. थंड हवामानाच्या देशांत अनेक घरांतील बॉयलरमध्ये तापविलेले पाणी पंपाच्या साहाय्याने खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत खेळविले जाते. प्रत्येक खोलीचे तापमान स्वतंत्रपणे राखणे या झडपेमुळे शक्य होते. डॅनिश अभियंता मॅस क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये ती शोधून काढली व त्यांच्या डॅन्फॉस या कंपनीने १९५२ मध्ये तिचे उत्पादन सुरू केले. १९७३ च्या खनिज तेल संकटानंतर इंधनाच्या काटकसरीची निकड भासू लागली व तिचा प्रसार वाढला.

रचना व कार्य : झडपेचे धड व शीर्ष असे दोन भाग असतात. शीर्षातील बंदिस्त कोशात मेण, द्रव किंवा वायू भरलेला असतो. खोली तापली की तो प्रसरण पावून धडातील बारीक दांडी आत दाबतो व प्रवाह आवळला जातो. खोली थंड झाली की तो आकुंचन पावतो आणि स्प्रिंगमुळे दांडी वर येऊन झडप उघडते. यासाठी वीज लागत नाही. शीर्षावरील आकडे खोलीचे इच्छित तापमान सुचवितात. बहुधा ३ हा आकडा सु. २०° से. दर्शवितो. त्यामुळे आकडा ५ वर नेल्याने खोली अधिक लवकर तापत नाही. ती केवळ गरजेपेक्षा जास्त तापते.

दोषपरीक्षा : खोली थंड राहिली की दोष झडपेला दिला जातो, परंतु तो पुष्कळदा अन्यत्र असतो. सर्वच रेडिएटर थंड असल्यास बॉयलर किंवा पंप तपासावा. रेडिएटरचा वरचा भाग थंड व खालचा गरम असल्यास आत हवा अडकलेली असते. याउलट खालचा मध्यभाग थंड असल्यास तेथे गंजाचा गाळ साचलेला असण्याचा संभव असतो. शीर्ष पडद्याआड असेल, तर तेथील कोंडलेल्या उबेमुळे झडप वेळेपूर्वीच मिटते.

इतर रेडिएटर गरम असून एकच पूर्ण थंड असेल, तर शीर्ष काढून दांडी पाहावी. निर्दोष दांडी दाबली असता काही मिमी. आत जाते व सोडताच वर येते. ती आतच राहिल्यास अडकलेली असते. अशा वेळी वंगणाचा थेंब सोडून बाजूने हलके ठोके द्यावेत व दांडी वारंवार दाबून मोकळी करावी. चिमट्याने ती ओढू नये. ती निघून आल्यास गरम पाणी बाहेर उसळून भाजण्याचा धोका असतो. दांडी मोकळी असूनही खोलीचे तापमान आवरत नसेल, तर कोशातील द्रव्य गळून गेलेले असू शकते. अशा वेळी केवळ शीर्ष बदलावे. त्यासाठी पाणी काढून टाकावे लागत नाही. धड बदलताना मात्र रेडिएटरमधील पाणी काढणे किंवा विशेष साधन वापरणे आवश्यक असते.

दक्षता : उन्हाळ्यात अनेक महिने मिटलेल्या झडपेची दांडी अडकते, म्हणून त्या काळात झडप पूर्ण उघडी ठेवावी. ज्या खोलीत बॉयलरचे नियंत्रण करणारा थर्मोस्टॅट असतो, तेथील रेडिएटरला ही झडप बसवीत नाहीत. अन्यथा ती आधीच मिटल्यास थर्मोस्टॅटला अपेक्षित तापमान येत नाही व बॉयलर विनाकारण चालू राहतो. हिवाळ्यात घर बंद ठेवताना झडप हिमचिन्हावर ठेवतात, ती सु. ७° से. तापमानाला उघडते. तथापि बॉयलर बंद असल्यास उघडलेल्या झडपेतून उष्णता येऊ शकत नाही आणि पाणी गोठून नळ फुटू शकतात.