नैरोबीच्या पोरांनी काय केले?

वाशिम जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एक आठवण सारखीच आहे. घरचा मोठा मुलगा मुंबईला नाही तर पुण्याला कामाला. महिना भरला की आईचे डोळे पोस्टमनच्या वाटेकडे. मनीऑर्डर आली की किराणा दुकानाची उधारी फिटायची, धाकट्याची फी भरली जायची. ती लांबली की घर अडायचे. मुलाने पैसा कमावलेला असायचा, पण आईच्या हातात नसायचा.

आज त्याच आईचा नातू मोबाईलवरून दोन मिनिटांत पैसे पाठवतो. आपल्या देशात युपीआय २०१६ मध्ये आले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला जे ॲप सुरू झाले, त्याला बाबासाहेबांच्या नावाशी जोडून ‘भीम’ हे नाव देण्यात आले. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाचे नाव खेड्यातल्या फोनवर दिसावे, हे योग्यच झाले. पण फोनवरून घरी पैसा पाठवण्याचे काम आपल्याही ९ वर्षे आधी गोरगरिबांपर्यंत कोणी नेले, असे विचारले तर बहुतेक जण अमेरिका किंवा जपान म्हणतील. उत्तर आहे केनिया, पूर्व आफ्रिकेतला देश.

आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जंगल आणि दुष्काळ येतो. म्हणूनच संगणक शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने ‘नैरोबीला नोकरी आहे’ असे सांगितले, तर घरात आधी शांतता पसरेल आणि मग रडारड होईल. आपल्याबद्दल इतरांनी न पाहता मत बनवले, तेव्हा आपल्याला किती बोचले! मग आपण तरी न पाहता मत का बनवावे?

घरी पैसा पाठवा

एम-पेसा हे त्या सेवेचे नाव. ‘एम’ म्हणजे मोबाईल आणि ‘पेसा’ म्हणजे आपला पैसाच. हा शब्द हिंदी महासागर ओलांडून स्वाहिली भाषेत गेला. २००५ मध्ये थोड्या लोकांवर प्रयोग सुरू झाला तेव्हा हेतू वेगळा होता. छोटे कर्ज घेणाऱ्यांनी हप्ता फोनवरून भरावा, एवढाच. पण लोकांनी त्या सोयीचा उपयोग एकमेकांना पैसे पाठवण्यासाठी केला. चालवणाऱ्यांनी हट्ट धरला नाही. लोक काय करतात ते पाहिले आणि मार्च २००७ मध्ये सफारीकॉम कंपनीने ‘घरी पैसा पाठवा’ म्हणत सेवा सर्वांसाठी खुली केली. साधा फोन आणि कोपऱ्यावरचा दुकानदार पुरे होता. शहरातला मजूर दुकानदाराला रोख देई, गावातली आई गावच्या दुकानातून रोख घेई.

हेच एम-पेसा २०१३ मध्ये भारतातही आले, पण रुजले नाही आणि २०१९ मध्ये बंद पडले. एका रानात आलेले बियाणे दुसऱ्या रानात येईलच असे नाही, हे सोयाबीन पेरणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

साक्ष देणारा नकाशा

डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात दंगली उसळल्या. एक हजाराहून अधिक माणसे मेली. कुठे काय घडते आहे हे कळायला मार्ग नव्हता. तेव्हा ओरी ओकोलो या तरुण वकील बाईने हाक दिली आणि ज्युलियाना रोटिच, डेव्हिड कोबिया, एरिक हर्समन अशा संगणक जाणणाऱ्यांनी काही दिवसांत एक व्यवस्था उभी केली. लोकांनी फोनवरून खबर द्यायची आणि ती नकाशावर दिसायची. नाव ठेवले ‘उशाहिदी’, म्हणजे साक्ष. ना मोठे कार्यालय, ना भांडवल. पुढे २०१० मध्ये हैतीच्या भूकंपात हीच व्यवस्था मदतीला आली.

चौथा मजला

तोवर एक अडचण दूर झाली होती. २००९ पर्यंत पूर्व आफ्रिकेचे इंटरनेट मुख्यतः उपग्रहावर चाले. ते महाग आणि मंद होते. त्या वर्षी समुद्राखालून केबल आल्या. त्यांतली सीकॉम नावाची केबल मोंबासाला पोचते, तशी आपल्या मुंबईलाही.

मार्च २०१० मध्ये नैरोबीत नगाँग रस्त्यावरच्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ‘आयहब’ सुरू झाले. तिथे काय होते? टेबले, खुर्च्या, चांगले इंटरनेट, कॉफी आणि सोबत. ज्याच्या घरी जागा नाही, पण डोक्यात कल्पना आहे, त्याला बसायला जागा मिळाली. शेजारी बसलेल्याला अडलेले विचारता येई. आपल्याकडे अभ्यासिकेत मुले स्पर्धा परीक्षेची तयारी करतात, तसेच हे. फरक एवढाच की तिथे जागा भरण्याची जाहिरात नव्हती. काम स्वतःच शोधायचे होते.

याच वर्षी काही तरुणींनी ‘अकिराचिक्स’ ही संस्था काढून गरीब घरच्या मुलींना संगणकाचे काम शिकवायला घेतले. सु काहुंबू या बाईंनी ‘आयकाऊ’ तयार केले. गाय कधी व्यायची, तिला काय खायला घालायचे, याचा संदेश शेतकऱ्याच्या साध्या फोनवर येऊ लागला. २०१२ पासून ‘एम-कोपा’ कंपनी सौर दिवे रोजच्या छोट्या हप्त्यावर विकू लागली. हप्ता अर्थातच एम-पेसाने. एकाने रस्ता केला आणि त्यावरून दहा जणांच्या गाड्या धावल्या.

दुसरी बाजू

सगळे गोड नाही. परदेशातून आलेल्या उद्योजकांना भांडवल चटकन मिळते आणि इथल्या काळ्या तरुणाला दारोदार हिंडावे लागते, ही तक्रार तिथे उघडपणे झाली. पैसेवाले ओळखीच्या, आपल्यासारख्या माणसावर विश्वास ठेवतात. हा अनुभव आपल्याला नवा नाही.

फोनवरून झटपट कर्ज देणाऱ्या कंपन्याही फोफावल्या. लहानशा रकमेसाठी लोकांची नावे थकबाकीदारांच्या यादीत गेली. अखेर २०२१ मध्ये केनियाने कायदा करून अशा सावकारांना मध्यवर्ती बँकेचा परवाना सक्तीचा केला. अनेक नवउद्योग बुडाले. नैरोबीची मालवाहतुकीतली नावाजलेली सेंडी कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. खुद्द आयहब २०१९ मध्ये नायजेरियातल्या लागोसच्या ‘सीसीहब’ने घेतले. म्हणजे घेणारेही आफ्रिकनच.

आईवडिलांसाठी दोन शब्द

मुलगा किंवा मुलगी तिकडे जायचे म्हणत असेल तर रडू नका, कागद तपासा. नेमणूकपत्र लेखी आहे का? पगार कोणत्या चलनात? काम करण्याचा परवाना मालक काढून देणार का? परतीचे भाडे कोणाकडे? पीतज्वराची लस जाण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. तिचा दाखला जवळ नसेल, तर भारतात परतताना विलगीकरणात थांबावे लागू शकते. नैरोबीत कामकाज इंग्रजीत चालते, तेव्हा इंग्रजी बोलण्याचा सराव आजपासून सुरू करा.

आणि ज्यांना जायचे नाही, त्यांचे काय? वाशिम १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. समृद्धी महामार्ग आता कारंजा, मालेगाव तालुक्यांतून जातो. तरी आपल्या मुलांपुढे नोकरीची परीक्षा किंवा पुण्याची गाडी हेच दोन रस्ते असतात. ज्या घरात शेत नाही, तारण नाही, तिथे धंदा बुडाला तर घर बुडते. म्हणून पोटाची नोकरी सोडून उडी मारा, असे कोणी सांगू नये. पण नोकरीची वाट पाहता पाहता मुलांची उमेदीची वर्षे सरतात, तोही तोटाच आहे.

नैरोबीच्या पोरांनी सुरुवात पैशाने केली नाही. आईला पैसा कसा पोचेल, खबर खरी कशी कळेल, गाय कधी विणार, अशा घरच्या अडचणीपासून केली. रिसोड, मानोरा, मंगरुळपीरच्या घरांतही अशा अडचणी आहेत. गावातल्या चार शिकलेल्या मुलामुलींना बसायला एक खोली, एक संगणक आणि इंटरनेटची जोडणी मिळवून देणे गावाने मिळून ठरवले तर अवघड नाही. अभ्यासिकेचे एक टेबल त्यासाठी मोकळे करून पाहा.