एमा बोव्हारीची उधारी

नवऱ्याला कंटाळलेली बायको परपुरुषाच्या नादी लागते आणि अखेर जीव देते. एकोणिसाव्या शतकातल्या गाजलेल्या वास्तववादी कादंबऱ्या अशा एका वाक्यात गुंडाळायची पद्धत आहे. गुस्ताव्ह फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’वर तर यात फार मोठा अन्याय होतो. एमाला दोन्ही प्रियकर सोडून जातात, दूर होतात, तरी ती जगते. तिचा जीव घेते ती उधारी.

योनव्हिल गावातला लरो हा कापडाचा व्यापारी, पण खरा धंदा सावकारीचा. घरी येऊन माल दाखवायचा, पैशांची घाई नाही म्हणायचं, आणि मुदत भरली की जुनी वचनचिठ्ठी बदलून व्याजासकट नवी लिहून घ्यायची. पहिल्या प्रियकराबरोबर, रोडोल्फबरोबर, पळून जाण्यासाठी एमा प्रवासी झगा आणि पेटी मागवते, तीही लरोकडूनच. पळून जाणं फसतं, बिल मात्र राहतं.

या व्यवहारात एक कायदेशीर अडचण आहे. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेनुसार बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळायची, आणि त्याच्या संमतीशिवाय तिला मालमत्तेची खरेदी-विक्री करता यायची नाही, गहाण टाकता यायचं नाही. म्हणून लरो तिच्या कानात कुलमुखत्यारपत्राची कल्पना घालतो. तिचा नवरा शार्ल बिचारा भोळा. कागद कुणाला तरी दाखवून घ्यावा म्हणून तोच तिला रुआँ शहरात लेओंकडे, तिच्या दुसऱ्या प्रियकराकडे, पाठवतो. नवऱ्याची सही वापरण्याचा अधिकार आणि प्रियकराचा सहवास, दोन्ही एमाला त्या एकाच फेरीत मिळतात. पुढे सासू तो कागद आगीत टाकते, तर शार्ल स्वतःहून दुसरा करून देतो. प्रेमप्रकरण आणि कर्ज एकाच धाग्यात इतकं घट्ट विणणारा दुसरा कादंबरीकार माझ्या वाचनात नाही.

अखेर २४ तासांत ८,००० फ्रँक भरा, असा हुकूम येतो. बेलिफ घरातल्या वस्तूंची यादी करतो. पैशाच्या बदल्यात नोटरीला तिचं शरीर हवं असतं. ती संतापून निघून येते. रोडोल्फकडे ती ३,००० मागते, तो नाही म्हणतो. मग औषधविक्रेत्याच्या कोठीतलं आर्सेनिक. आणि ज्याची चर्चा फारशी होत नाही, तो हिशेबाचा शेवट: पोरकी झालेली तिची मुलगी बर्थ पोटासाठी सूतगिरणीत जाते. हीच मुलगी जन्मली तेव्हा एमाला मुलगा हवा होता, कारण पुरुष निदान मोकळा तरी असतो.

कादंबरी १८५६ मध्ये ‘रव्ह्यू द पारी’त क्रमशः आली आणि सार्वजनिक नीतिमत्ता व धर्म यांचा अवमान केल्याबद्दल लेखकावर खटला भरला गेला. सरकारी वकील होते अर्नेस्ट पिनार. ७ फेब्रुवारी १८५७ रोजी फ्लोबेर सुटला. खऱ्याखुऱ्या एमांना सुटका नव्हती. फ्रान्समध्ये घटस्फोट १८१६ पासून बंद होता, तो १८८४ मध्ये परत आला. व्यभिचाराबद्दल बायकोला तीन महिने ते दोन वर्षं कैद. नवऱ्याला शिक्षा फक्त घरातच रखेल ठेवली तर, तीही दंडाची.

टॉलस्टॉयच्या अॅनाला पैशाची ददात नाही. तिथे मुलगा नवऱ्याच्या ताब्यात राहतो. थिओडोर फोंटानची एफी ब्रीस्ट (१८९५) जुनी पत्रं सापडल्यामुळे घरातून आणि मुलीपासून तुटते आणि तिशीच्या आसपास मरते. एफी जिच्यावरून सुचली, त्या एलिझाबेथ फॉन आर्डेने यांची गोष्ट मात्र मला कादंबरीहून महत्त्वाची वाटते. नवऱ्याने द्वंद्वात त्यांच्या मित्राला मारलं, घटस्फोट झाला, मुलं गेली. पण बाई खचल्या नाहीत. त्यांनी रुग्णसेवेचं काम धरलं आणि १९५२ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी वारल्या. कादंबरीकाराने जिला मारलं, ती लेखकानंतर अर्धशतकाहून अधिक काळ जगली.

केट शोपँची ‘द अवेकनिंग’ (१८९९) लुइझियानात घडते. तिथला दिवाणी कायदाही फ्रेंच परंपरेतलाच. शोपँ स्वतः विधवा झाल्यावर नवऱ्याचं कर्ज आणि दुकान सांभाळणारी, सहा मुलांची आई. तिची एडना आईकडून आलेल्या थोड्या पैशांवर आणि स्वतःची चित्रं विकून वेगळं बिऱ्हाड करते. एमाजवळ नव्हतं ते तिच्याजवळ आहे, तरी ती समुद्रात जाते, कारण आईपणातून वेगळं होऊन राहण्याची जागा त्या समाजात नाही. इथे माझा उधारीचा सिद्धांत अपुरा पडतो, आणि म्हणूनच हे पुस्तक एमाच्या पुढचं आहे.

याच्या आधीच मुंबईत नवऱ्याला नाकारणं प्रत्यक्ष घडलं होतं. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायला नकार दिला. १८८७ मध्ये हायकोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये २,००० रुपयांवर तडजोड झाली आणि त्या लंडनला डॉक्टर व्हायला गेल्या. दोनच वर्षांनी हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ‘करमणूक’मध्ये सुरू झाली. यमूचं दुःख अस्सल आहे, पण तिचा नवरा चांगला आहे. तिचा मोठा छळ वैधव्यानंतरचा. नवऱ्यालाच नाकारणारी बायको मुंबईत प्रत्यक्ष असूनही मराठी कादंबरीला ती पेलायला वेळ लागला. १९३४ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकरांनी ‘हिंदोळ्यावर’ लिहिली. तिच्यात नवऱ्यापासून दुरावलेली बाई दुसऱ्या पुरुषाबरोबर संसार आणि मूल मागते. हिंदू बाईला घटस्फोट देणारा मुंबई प्रांताचा कायदा त्यानंतर १३ वर्षांनी, १९४७ मध्ये आला.